ओढ्यात मोठे ट्राउट आहेत, पिल्लं नाहीत. स्वयंसेवकांनी काम कुठून सुरू करावं? (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काठोकाठ

वीसेक स्वयंसेवकांचा गट आहे. कामासाठी मिळालेला ओढ्याचा पट्टा साधारण २ किमी. उन्हाळ्यात पाण्याची रुंदी ३ ते ४ मीटर, पात्र काठोकाठ भरलं की ६ मीटर. मासा ब्राउन ट्राउट, तिथलाच मूळचा. ३० सेमीच्या आसपासचे मासे डोहांत दिसतात, पण बोटभर पिल्लं जवळपास नाहीत.

पट्ट्यात काय काय आहे: मधोमध रस्त्याखाली १.२ मीटर व्यासाच्या गोल पाइपची मोरी, तिच्या खालच्या तोंडातून पाणी अर्धा मीटर खाली पडतं. मोरीच्या वर गुरं थेट पात्रात उतरतात, काठ ढासळलेत. त्याच्याही वर ओढा अडवून केलेलं एक जुनं तळं आहे.

गटात तीन तट पडलेत. पहिला म्हणतो मत्स्यबीज आणून सोडा, दुसरा म्हणतो दगड आणि ओंडके टाकून डोह करा, तिसरा म्हणतो झाडं लावा. जमीनमालक राजी आहेत, सरकारी परवानग्या काढायच्या आहेत. यंत्रं नाहीत, हात भरपूर आहेत. आधी काय करावं?

खळाळ

मोठे आहेत आणि लहान नाहीत, म्हणजे तुमचं उत्तर अर्धं मिळालंय. मोठ्या माशाला लागणारा डोह, आडोसा आणि खाणं तिथे आहे. साखळी तुटते ती वीण, अंडी किंवा पिल्लाचा पहिला उन्हाळा यांपैकी कुठेतरी. त्यामुळे दुसऱ्या तटाला थोडं थांबवा. ज्याची कमतरता नाही ते आणखी बांधून मासा वाढत नाही.

पहिल्या तटाला तर ठाम नाही म्हणा. अमेरिकेत मोंटाना राज्यात मॅडिसन नदीवर डिक व्हिन्सेंट यांनी हे मोजून दाखवलं. बीज सोडणं थांबवलेल्या पट्ट्यात जंगली ट्राउट वाढले, आणि जिथे नव्यानं सोडायला सुरुवात केली तिथे कमी झाले. १९७४ मध्ये त्या राज्यानं, जिथे मासा स्वतःच्या वीणीवर टिकतो त्या नद्यांत बीज सोडणं बंद केलं. हौदात वाढलेला मासा गर्दीला सरावलेला आणि आक्रमक असतो. तो जागेवरच्या माशाला हुसकावतो, प्रवाहात विनाकारण शक्ती घालवतो आणि बहुधा पुढचा हिवाळा पाहत नाही. जगलाच तर स्थानिक वंशात मिसळतो, ते आणखी वाईट. शिवाय तुमच्या ओढ्यात अंडी मरत असतील तर सोडलेल्या माशाची अंडीही मरणारच.

म्हणून पहिलं वर्ष मोजणीचं. तीन गोष्टी मोजा: पाण्याचं तापमान, वीणीचे खळगे (मादी अंडी घालायला तळात उकरते त्या जागा) आणि त्या जागची रेती-खडी. चौथी मोरी, पण ती एका सकाळी मोजून होते.

(एक आडवळण: ट्राउट दिसला की जपायचा, असं सगळीकडे लागू नाही. जगात अनेक ठिकाणी ब्राउन आणि रेनबो ट्राउट बाहेरून आणून सोडलेले आहेत आणि त्यांनी मूळच्या माशांना मागे ढकललंय. तुमच्याकडे तो मूळचा आहे म्हणून हा सल्ला.)

पारा

तापमानाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण "दुपारी हात घालून पाहिलं, पाणी गार होतं" यावर फार निर्णय घेतले जातात.

ब्राउन ट्राउटची वाढ सर्वांत चांगली होते ती १३-१४ अंश सेल्सिअसच्या आसपास. १९-२० च्या वर तो खाणं सोडतो, २५ च्या आसपास काही दिवसांत मरतो. तापमान वाढलं की पाण्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो: समुद्रसपाटीला १० अंशाला लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशाला ९.१. माशाची गरज वाढत असते तेव्हाच पुरवठा कमी होतो.

लॉगर (ठरावीक वेळानं तापमान आपोआप नोंदवणारं छोटं यंत्र) किमान चार हवेत. तळ्याच्या वर एक, तळ्याच्या सांडव्याखाली एक, गुरांच्या जागेच्या खाली एक, पट्ट्याच्या शेवटी एक. पाचवा हवेत, सावलीत टांगा. नोंद दर ३० मिनिटांनी. लावण्याआधी सगळे एकत्र, बर्फ आणि पाणी ढवळून केलेल्या काल्यात २० मिनिटं ठेवा. शून्याच्या आसपास अर्ध्या अंशापेक्षा जास्त चुकणारा बाजूला काढा. काढून आणल्यावर पुन्हा तेच करा, नाहीतर मधल्या काळात लॉगर भरकटला का ते कळणार नाही.

बसवताना भोकं पाडलेल्या पांढऱ्या पीव्हीसी नळीत घाला. उघड्या लॉगरवर ऊन पडलं की तो पाण्याचं नाही, स्वतःचं तापमान सांगतो. तळात ठोकलेल्या सळईला किंवा काठच्या जाड मुळाला स्टीलच्या तारेनं बांधा. जागा वाहत्या, नीट मिसळलेल्या पाण्याची हवी. डोहाचा तळ किंवा झऱ्याचं तोंड घेतलंत तर आकडे खोटे गार येतील. पाणी ओसरून लॉगर उघडा पडला तर त्याचा रोजचा चढउतार हवेच्या लॉगरसारखा दिसायला लागतो. ते दिवस काढून टाका. हवेचा लॉगर त्यासाठीच.

एका दिवसाचा उच्चांक पाहून घाबरू नका. रोजच्या उच्चांकाची सलग ७ दिवसांची सरासरी काढा आणि ती २० च्या वर किती दिवस राहते ते पाहा. माझा संशय तळ्यावर आहे. ओढा अडवून केलेल्या तळ्याच्या सांडव्यावरून जातं ते पृष्ठभागावरचं, तापलेलं पाणी. वरच्या आणि खालच्या लॉगरमध्ये दुपारी ३-४ अंशांचा फरक निघाला तर खाली कितीही झाडं लावली तरी मूळ दुखणं तसंच राहील. तेव्हा मालकाशी बोलणं तळातून पाणी सोडणाऱ्या नळाचं किंवा तळ्याला वळसा घालणाऱ्या चराचं करायचं. तळातून पाणी घेताना प्राणवायू मोजायला विसरू नका. खोल तळ्याच्या तळाचं पाणी गार असतं, पण उन्हाळ्यात त्यात प्राणवायू जवळपास नसतो. असं पाणी दगडांवरून आपटत सोडावं लागतं.

आणि हो, कडक उन्हाळ्याच्या दुपारी थर्मामीटर घेऊन ओढा चालत जा. जिथे पाणी अचानक २-३ अंश गार लागतं ते झरे नकाशावर टिपा. उन्हाच्या लाटेत मासे तिथेच येऊन दाटतात. त्या जागी ना गुरं, ना गळ, ना उत्साही स्वयंसेवक.

गोटेमोजणी

वीणीबद्दल. ब्राउन ट्राउट शरदाच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालतो (रेनबोची वीण बहुधा वसंतात, ते वाचून घोळ करू नका). मादी शेपटीनं खडी उकरते, खड्ड्यात अंडी घालते आणि वरच्या बाजूची खडी उडवून ती झाकते. त्यामुळे तळावर घासून स्वच्छ केल्यासारखा फिकट लांबट डाग दिसतो: वरच्या टोकाला खड्डा, खालच्या टोकाला ढीग. अंडी ढिगाखाली असतात. लोक खड्डा टाळतात आणि ढिगावर पाय देतात.

आठवड्यातून एकदा, काठावरून, पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणारा) चष्मा लावून मोजा. प्रवाहाच्या उलट दिशेनं काठानं चालत जा आणि प्रत्येक खळग्याचं स्थान जीपीएसवर नोंदवा. शेवाळ चढून डाग दोन-तीन आठवड्यांत पुसट होतो, म्हणून हंगामाच्या शेवटी एकदाच मोजून चालत नाही. अर्धवट उकरून सोडलेल्या जागा वेगळ्या लिहा. त्यांत ढीग नसतो.

पाण्यात उतरणं का टाळायचं, तर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अंडी फुटण्याच्या ऐन तोंडावर एकदाच वरून चालल्यानं ४३ टक्क्यांपर्यंत अंडी-पिल्लं मेली. रोज दोनदा चालल्यावर जवळजवळ सगळीच. गुरांचे खूर काय करत असतील त्याचा हिशेब यावरून करा.

अंडी किती दिवस खडीत राहतात ते तापमानावर: १० अंशाला फुटायला साधारण ४१ दिवस, ५ अंशाला ९०. फुटल्यावरही पिल्लू पोटाची पिवळी पिशवी संपेपर्यंत खडीतच असतं. खडीतून वर यायला एकूण काळ फुटण्याच्या दीड ते पावणेदोन पट धरा. गार ओढ्यात हा काळ पाच महिने होतो. तेवढे दिवस पात्रातलं सगळं काम बंद. परवानगीतही बहुतेक हेच लिहून येतं, तेव्हा वेळापत्रक आधीच तसं आखा.

आता खडी. मादी साधारण स्वतःच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाएवढी खडी हलवू शकते. ३० सेमीची मादी, म्हणजे मधला आकार ३ सेमीपर्यंत. १ ते ५ सेमीची मिसळ उत्तम. जागा डोहाच्या शेपटाला, जिथे तळ चढतो आणि पाणी खळाळात शिरतं. तिथे पाणी खडीच्या आत दाबलं जातं आणि अंड्यांना प्राणवायू मिळतो. खोली १५ ते ४० सेमी, वेग सेकंदाला २० ते ५० सेमी.

शत्रू बारीक गाळ. खडीत १ मिमीपेक्षा बारीक माल वजनानं १२-१४ टक्क्यांच्या वर गेला की अंड्यांच्या जगण्याचं गणित बिघडतं. तपासायला तळ काढलेली बादली खडीत दाबून बसवा, आतली खडी २० सेमी खोलपर्यंत हातानं काढा आणि गढूळ पाणीही सोबत घ्या. सगळा बारीक माल त्या पाण्यातच असतो, ते सांडलं तर चाचणी फुकट. वाळवा, चाळा, वजन करा. वीणीच्या किमान पाच जागा घ्या, अर्थात वीणीच्या काळाबाहेर.

काठोकाठ

फार उपयोगी. मोजणी लगेच आखतो. गाळ जास्त निघाला तर खडी धुवायची की नवी टाकायची? आणि मोरीचं आम्ही काही करू शकतो का, की ते आमच्या आवाक्याबाहेरचं?

गोटेमोजणी

गाळ येतो ते तोंड आधी बंद. गुरांची जागा तशीच ठेवून खडी धुतलीत तर दोन पुरांत ती पुन्हा भरते. उसळलेला गाळ खालच्या वीणीच्या जागांवर बसतो तो वेगळाच.

नवी खडी टाकण्यात अर्थ केव्हा? वरच्या तळ्यानं खडी अडवली असेल आणि खाली नुसते मोठे गोटे उरले असतील तेव्हा. माल गोल, धुतलेला, नदीचा. क्रशरची टोकदार खडी घट्ट बसते, मादीला उकरत नाही. अंदाजासाठी: ३ मीटर × २ मीटर जागा, ३० सेमी थर, म्हणजे १.८ घनमीटर, सुमारे ३ टन. १५ लिटरच्या १२० बादल्या, प्रत्येक भरलेली २४-२५ किलोची. वीस जणांच्या साखळीला झेपतं, पण गाडी काठापर्यंत येत नसेल तर आधी विचार करा. खडी हातानं सपाट करत बसू नका, पूर ती हवी तशी मांडतो. वाहून जाईल तीही वाया जात नाही, खालच्या डोहाच्या शेपटाला बसते.

मोरीखालून

मोरीचं मोजमाप पूर्णपणे तुमच्या आवाक्यात आहे. दुरुस्ती नाही, आणि ती स्वतः करूही नका. रस्ता दुसऱ्याचा असतो.

मोजा: पाइपची लांबी, दोन्ही तोंडांच्या तळाची पातळी (पारदर्शक नळीच्या पाणसाळनंही होतं), त्यावरून उतार, पाइपमधल्या पाण्याची खोली उन्हाळ्यात आणि वीणीच्या काळात, पडणाऱ्या पाण्याची उंची, खालच्या डोहाची खोली आणि ओढ्याची काठोकाठ रुंदी. शेवटचं माप मोरीपासून दूर, किमान दहा ठिकाणी घ्या. मोरीजवळचं पात्र मोरीनंच बिघडवलेलं असतं.

अर्धा मीटर पडणारं पाणी मोठा ट्राउट एखाद्या वेळी चढतो, तेही खालचा डोह त्या उंचीच्या सव्वापट खोल असेल तर. बोटभर पिल्लाला १५ सेमीसुद्धा भिंत. आणि चढून गेलेल्याला पुढे गुळगुळीत पाइपात पातळ, वेगवान पाणी लागतं, विसाव्याला दगड नाही. उतार १ टक्क्यावर असेल तर हीच मुख्य अडचण असू शकते. पक्का पुरावा खळग्यांच्या मोजणीत मिळेल: वर चांगली खडी असूनही सगळे खळगे मोरीच्या खालीच, असं दिसलं की नकाशा घेऊन रस्ते खात्याकडे जा.

मागणी काय करायची हेही ठरवून जा. आतून ओढ्यासारखीच राहील अशी मोरी करण्याचा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक प्रचलित ठोकताळा असा: रुंदी म्हणजे काठोकाठ रुंदीच्या १.२ पट, अधिक ०.६ मीटर. तुमच्या ६ मीटरला ७.८ मीटर. सध्याची १.२ मीटर. गोल पाइप असेल तर त्याचा तळ ३० ते ५० टक्के उंचीपर्यंत खाली गाडून आत नैसर्गिक खडी भरतात. तुमच्या रुंदीला गोल पाइप पुरणारच नाही, तळ उघडा असलेली कमान किंवा छोटा पूलच लागेल. खर्च ऐकून समोरचा मान हलवेल. तेव्हा पुराचा मुद्दा काढा: अशी मोरी तुंबत नाही, रस्ता धुपत नाही. खात्याला माशापेक्षा हे लवकर पटतं.

तोपर्यंतचा मधला उपाय म्हणजे खालच्या बाजूला मोठ्या दगडांच्या छोट्या पायऱ्या करून पाणी मोरीत मागे तुंबवणं, प्रत्येक पायरी १५ सेमीच्या आत. तुमच्या उंचीला तीन-चार लागतील. यालाही अभियंत्याचा आराखडा हवा. दगड निसटले तर काही न केल्यापेक्षा वाईट अडथळा तयार होतो.

आणखी एक, कुणी सहसा विचारत नाही: मोरीच्या वर आणि खाली मासे एकच आहेत का? काही ठिकाणी असा अडथळाच बाहेरच्या माशाला किंवा रोगाला वर जाऊ देत नाही आणि मूळचा मासा त्याच्या आडोशानं टिकतो. अडथळा काढायच्या आधी मत्स्य खात्याकडून दोन्ही बाजूंची पाहणी करून घ्या. विजेच्या झटक्यानं मासे गुंगवून मोजायचं काम त्यांच्याच परवानाधारक माणसांचं, तुम्ही बादल्या धरा.

वाळुंज

गुरं आणि काठ, हेच तुमच्या हातांचं खरं काम.

कुंपण पाण्यापासून किमान ५ मीटर, जमलं तर १०. आत येणारं तण मालकाला खटकेल, आधीच सांगून ठेवा. गुरांना पाणी दुसरीकडे द्यावंच लागतं. वरून नळीनं उतारानं भरणारा हौद उत्तम, नाहीतर गुरं नाकानं ढकलून स्वतः पाणी ओढतात तो पडद्याचा पंप. ओढा ओलांडणारं कुंपण दोन्ही काठांच्या खांबांना टांगलेल्या झुलत्या फळ्यांचं करा, आणि एका बाजूची दोरी कच्ची ठेवा. पुरात ती तुटून फाटक उघडतं. घट्ट तार ताणलीत तर तीवर कचरा अडकतो आणि खांबांसकट सगळं कुंपण जातं.

ढासळलेल्या काठाला वाळुंजाच्या (विलो) काड्या. पानं गळल्यावर आणि कळ्या फुटायच्या आधी तोडायच्या, २ ते ४ सेमी जाड, ६० ते ९० सेमी लांब. बुडाशी तिरका छेद, शेंड्याला सपाट, म्हणजे उलटी रोवली जात नाही. तोडल्यावर पाण्यात उभ्या भिजवा, वाळू देऊ नका. आधी सळईनं भोक पाडा, मग दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश काडी आत, बूड उन्हाळ्यातल्या ओलीपर्यंत पोचलंच पाहिजे. मरतात त्यातल्या बहुतेक उथळ रोवल्यानं मरतात. भोवती माती पायानं दाबा, पोकळी राहिली तर मूळ धरत नाही.

सगळा काठ वाळुंजानं भरू नका. अरुंद ओढा ते गिळून टाकतं. थोड्या वर जागच्या मूळ प्रजातींची उंच झाडं लावा. दुपारचं ऊन येतं तो काठ आधी, आणि मध्ये उघडीक सोडा. पूर्ण अंधाऱ्या ओढ्यात तळ उघडा पडतो आणि कीटकही कमी होतात. पहिली तीन वर्षं प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत काढणं, हे लावण्यापेक्षा मोठं काम आहे. गटात आत्ताच त्याला माणसं नेमा.

ओंडका

वरच्यांनी दुसऱ्या तटाला जरा जास्तच झोडपलंय. डोह नकोत हे मान्य, पण पिल्लाला पहिल्या उन्हाळ्यात उथळ, संथ, आडोशाची कड लागते. ती ढासळलेल्या काठाला नसते. काठालगत फांद्यांसकट पाडलेलं झाड तेच काम करतं.

यंत्राविना सोपा मार्ग: काठावरच्या वाळुंजाचा बुंधा तीन चतुर्थांश कापून प्रवाहाच्या दिशेनं पाण्यात झुकवा. बिजागरीसारखा जोडलेला राहतो, वाहत नाही आणि जगतो. मात्र करवत प्रशिक्षित माणसाच्याच हाती. ताणलेला बुंधा उभा फाटून अंगावर येतो.

सुटा ओंडका टाकायचा तर लांबी काठोकाठ रुंदीच्या दुप्पट, मुळांच्या गड्ड्यासकट असेल तर दीडपट. तुमच्याकडे १२ किंवा ९ मीटर. त्याहून आखूड पहिल्या मोठ्या पुरात निघतो. मोरीच्या वरच्या बाजूला मात्र एकही सुटा ओंडका नको, १.२ मीटरचा पाइप एका रात्रीत बुजेल आणि खात्याशी जमलेलं बोलणं तिथेच संपेल.

काठोकाठ

आमच्यातले काही जण इतर नद्यांवरही गळ टाकायला जातात. तेच बूट घालून आले तर?

पारा

डिडिमो हे चिकट शेवाळ, न्यूझीलंड मडस्नेल ही तांदळाएवढी गोगलगाय आणि व्हर्लिंग डिसीज हा ट्राउटचा रोग, तिन्ही ओल्या बुटांतून आणि चिखलातून पसरतात. व्हर्लिंगचा परजीवी गाळातल्या ट्युबिफेक्स किड्यातून ट्राउटच्या पिल्लात जातो आणि कूर्चा खातो, म्हणजे तुमची नेमकी दुखरी जागा.

बूट, जाळी, लॉगरच्या नळ्या आधी घासून चिखल काढा. मग ४५ अंशाच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवा, आणि त्यानंतर पूर्ण वाळवून निदान ४८ तास कोरडे ठेवा. डिडिमो आणि गोगलगाय यांचा यानं बंदोबस्त होतो. व्हर्लिंगचे बीजाणू जास्त चिवट असतात, त्यांच्यासाठी चिखल घासून काढणं हीच मुख्य गोष्ट. फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीसारख्या) तळव्याचे बूट आतून दिवसेंदिवस ओले राहतात, ते या ओढ्यावर आणूच नयेत. सगळ्यात सोपं म्हणजे गटानं चार-पाच जोड रबरी तळव्याचे बूट या ओढ्यासाठी वेगळे ठेवावेत. खळगे मोजणारे तर काठावरच राहणार आहेत, त्यांना लागणारही नाहीत.